परवा

"बाबा, सण परवा आहे ना?"

मोठीने हे पहिल्यांदा विचारलं तेव्हा सण एकोणीस दिवसांवर होता. मी लॅपटॉपमधून मान वर न करता "हो, परवा" म्हटलं आणि फसलो. कारण दोन दिवसांनी ती सकाळीच नवे कपडे घालून स्वयंपाकघराच्या दारात उभी. आज परवा होता. मग सण कुठे आहे?

परवा हा तसा दोन्हीकडे तोंड असलेला शब्द. परवा आलो होतो, परवा येणार आहे. क्रियापद येईपर्यंत कळत नाही की बोलणारा मागे बघतोय की पुढे. मोठ्यांचं त्याने अडत नाही. साडेपाच वर्षांच्या मुलीचं थोडं अडतं. अडीच वर्षांच्या धाकट्याचा प्रश्नच नाही. त्याच्याकडे 'आत्ता' आणि 'आत्ता नाही' असे दोनच काळ आहेत, आणि दुसरा त्याला मान्य नाही.

काळाचे शब्द मुलं कशी शिकतात, यावर कॅथरिन टिलमन, डेव्हिड बार्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. काल म्हणजे मागचं आणि उद्या म्हणजे पुढचं, ही दिशा मुलांना आधी कळते. ते मागचं किंवा पुढचं नेमकं किती लांब, हे अंतर कळायला मात्र बराच वेळ जातो. शाळेची पहिली एक-दोन वर्षं सरेपर्यंत ते डळमळीतच असतं. म्हणजे सण पुढे आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. पुढे म्हणजे कुठवर, ते ठाऊक नव्हतं. आपण मात्र तिला "अजून बारा दिवस" असं सांगतो आणि वर म्हणतो, किती वेळा विचारशील.

शेवटी बायकोने तोडगा काढला. रंगीत कागदाच्या पट्ट्यांची साखळी केली, अकरा कड्यांची. रोज झोपताना एक कडी फाडायची, कड्या संपल्या की सण. पहिले काही दिवस छान गेले. चौथ्या दिवशी मोठीने दोन कड्या फाडल्या. मी विचारलं तर म्हणाली, "म्हणजे लवकर येईल." तिला रागवावं असं काही सापडेना. आपणही पगाराच्या तारखेबाबत मनातल्या मनात हेच करतो.

मग चार कड्या उरलेल्या असताना धाकट्याने स्टुलावर चढून ती साखळीच ओढून काढली, सगळ्या कड्या टराटरा फाडल्या आणि "आला! आला!" करत दाराकडे पळाला. दार उघडून बाहेर बघितलं. कुणी नव्हतं. इकडे मोठी भोकाड पसरून रडत होती, सण संपला म्हणून. मी चिकटपट्टी घेऊन जमिनीवर बसलो आणि चार दिवस पुन्हा जोडून दिले.

---

या चार दिवसांतच एकदा बायकोचा फोन माझ्या हातात आला. तिचे हात गुंतलेले होते, म्हणाली यादीत बघ रे, कुणाला काय द्यायचं ठरलंय ते. मी यादी उघडली. त्रेचाळीस ओळी होत्या.

त्या ओळी मी नंतर निवांत वाचल्या, म्हणजे तिला न विचारता वाचल्या. 'आत्यांना फोन. काकूंच्या आधी!' 'निळ्या शर्टाचा टॅग काप, टोचतो.' 'आईंच्या खुर्चीला पाठीमागे उशी.' 'मागच्या वेळी त्यांनी जेवढ्याचं दिलं साधारण तेवढंच, जास्त नको, अवघडतात.' 'मोठीला आधी सांगून ठेव की मुक्कामाला येणारी मुलं तिची खेळणी घेणार. दोनदा सांग.' 'औषध – ताप, उलटी.' 'ह्याच्या मित्राला बोलवायचं का, विचार.' ह्याच्या म्हणजे माझ्या.

माझ्या वाट्याला तीन कामं होती. दिव्यांची माळ लावणं, गाडीच्या चाकांत हवा भरून आणणं आणि शेजारून जास्तीच्या खुर्च्या आणणं. तिन्ही कामं मी मन लावून केली होती. माळेचं तर आल्यागेल्याने कौतुकही केलं. पण ती यादी वाचताना लक्षात आलं की माझ्या तिन्ही कामांना शेवट आहे. माळ लागली की लागली. आत्यांचा फोन काकूंच्या आधी जायला हवा, हे लक्षात ठेवण्याला शेवट नाही. ते काम कुणाला दिसतही नाही. दिसतं ते फक्त चुकल्यावर.

मिकाएला दि लिओनार्दो या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९८७ साली याच कामाला नाव दिलं होतं. कॅलिफोर्नियातल्या इटालियन वंशाच्या कुटुंबांचा अभ्यास करताना त्यांना दिसलं की भेटीगाठी, पत्रं, फोन, भेटवस्तू, सणाची जमवाजमव, शिवाय कुणाशी नातं घट्ट ठेवायचं आणि कुठलं सैल सोडायचं याचे निर्णय, हे सगळं मिळून एक अख्खं काम आहे आणि ते जवळजवळ सगळं बायका करतात. त्याला त्यांनी नात्यांचं काम म्हटलं. घरकाम वेगळं, मुलं सांभाळणं वेगळं आणि हे तिसरं. मी हे वाचलं तेव्हा पहिली प्रतिक्रिया अशी होती की आमच्याकडे तसं नाही, मी मदत करतो. मदत करतो, या शब्दातच सगळं आलं, हे कळायला मला पुढचा प्रसंग घडावा लागला. तो सांगतोच.

---

आता प्रत्यक्ष दिवस. सकाळी साडेसहाला धाकटा उठला, कारण घरात आवाज होता. दुपारची झोप पाहुण्यांमुळे हुकली. रात्री दहाला सुद्धा घर भरलेलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात एक ते दोन वर्षांच्या, म्हणजे तीन पूर्ण न झालेल्या मुलांना चोवीस तासांत ११ ते १४ तास झोप सांगितली आहे, डुलक्या धरून, आणि तीही ठरावीक वेळेला. आमच्या हिशेबात त्या चोवीस तासांत जेमतेम सात तास रात्रीचे आणि गाडीतली वीस मिनिटं जमा होती. म्हणजे संध्याकाळी पाचला तो जे काही करत होता, ते तो करत नव्हता, त्याची न झालेली झोप करत होती.

पण दमलेलं मूल दमल्यासारखं दिसत नाही, इथेच घोटाळा होतो. मोठी माणसं दमली की खुर्चीत कलंडतात. मूल दमलं की पळत सुटतं. ते सोफ्यावरून उड्या मारतं, कारण नसताना हसतं आणि तसंच हसता हसता कुणाला तरी चावतं. बघणारे म्हणतात, केवढी एनर्जी आहे! आणि मग ठरलेलं वाक्य येतं, "गोड जास्त झालंय त्याला."

हे वाक्य मीही पूर्वी ठामपणे म्हणायचो. मग डॅनियल हूवर आणि रिचर्ड मिलिच यांचा १९९४ सालचा प्रयोग वाचनात आला. पाच ते सात वर्षांचे ३५ मुलगे आणि त्यांच्या आया. या आयांचं म्हणणं होतं की साखर खाल्ली की आमचा मुलगा पिसाळतो. प्रयोगात एकाही मुलाला साखर दिली नव्हती, सगळ्यांना साखर नसलेलं गोड पेय दिलं. पण निम्म्या आयांना सांगितलं की साखर भरपूर दिली आहे. त्या आयांना आपला मुलगा जास्त चळवळ्या वाटला. शिवाय त्या मुलाच्या जास्त जवळ जवळ राहिल्या, आणि टोकण्याकडेही त्यांचा कल थोडा जास्त दिसला. आयांच्या जागी बाप बसवले असते तर निकाल काही वेगळा आला असता असं मला वाटत नाही. साखरेबद्दल दातांचे डॉक्टर जे म्हणतात ते खरंच आहे, पण त्या संध्याकाळी पोराच्या अंगात जे शिरलं होतं ते वाडग्यातून आलेलं नव्हतं. खोलीभर माणसं, दर पाच मिनिटांनी नवा चेहरा, आणि त्याच्या मागे मागे "अरे पडशील, अरे नको" करत फिरणारा मी.

त्यातच ते दुसरं सुरू झालं. "मामाला पापी दे की रे! ओळखत नाहीस का?" तो खरंच ओळखत नव्हता. मामा आठ महिन्यांपूर्वी आला होता, म्हणजे मध्ये धाकट्याच्या आयुष्याचा साधारण चौथा हिस्सा उलटला होता. तो माझ्या पायामागे गेला, गुडघ्याला मिठी मारली आणि तिथून एक डोळा बाहेर काढून मामाचं निरीक्षण करू लागला. कुणीतरी म्हणालं, लाजाळू आहे. दुसरं कुणी म्हणालं, तुम्ही याला माणसांत नेत नाही. मी ओशाळून त्याला पुढे ढकलायला लागलो. हे ढकलणं मला अजून आठवतं, कारण माझा हात त्याच्या पाठीवर होता आणि त्याची पाठ ताठ झालेली हाताला कळत होती. तरी मी ढकललं. कुणासाठी? मामाला तर काहीच घाई नव्हती.

अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या जोडप्याने १९५६ साली न्यूयॉर्कमध्ये बाळांच्या स्वभावांचा माग काढायला सुरुवात केली आणि तो कित्येक वर्षं चालू ठेवला. त्यांनी केलेल्या गटांत एक गट सावकाश रुळणाऱ्या मुलांचा होता, साधारण १५ टक्के. नवीन माणूस दिसलं की ही मुलं आधी मागे सरतात. घाई केली नाही तर आपणहून पुढे येतात. आमचा त्यातला आहे. पाऊण तासाने तो मामाच्या मांडीवर बसून त्याच्या घड्याळाचा पट्टा काढत होता. तोवर 'लाजाळू' हा शिक्का मारून लोक दुसऱ्या विषयाकडे वळलेही होते.

साडेसातच्या सुमारास मोज्यावरून स्फोट झाला. मोज्याची शिवण बोटांवर येत होती. मोजा काढला, घातला, उलटा घातला, दुसरा आणला; पण तो पहिला नव्हता म्हणून आणखी रडणं. मोठीलाही त्याच वेळी रडू फुटलं, कारण तिच्या चित्रांच्या वहीत दुसऱ्या कुणी रंग भरला होता. दोनदा सांगूनसुद्धा. मी दोघांना उचललं, "आलोच" म्हणालो आणि दाराबाहेर जिन्यात जाऊन बसलो.

आमच्या जिन्यात आपोआप लागणारा दिवा आहे. हालचाल थांबली की थोड्या वेळाने विझतो. आम्ही बसलो, दोघं हुंदके देत होती, दिवा लागलेला होता. मग हुंदके कमी झाले, आणि दिवा गेला. अंधार. आतून माणसांचे आवाज येत होते, भांड्यांचे, कुणाच्या तरी मोठ्या हसण्याचा. धाकट्याने हात हलवला. दिवा लागला. तो माझ्याकडे बघायला लागला, जणू हे त्याने केलंय यावर त्याचाच विश्वास नाही. मग आम्ही तिघं पुतळ्यासारखे बसलो. दिवा गेला. या वेळी मोठीने फक्त नाक हलवलं. नाकाने नाही लागला. कानाने नाही लागला. पायाच्या अंगठ्याने लागला. असे किती वेळ बसलो माहीत नाही. आत गेलो तेव्हा बायकोने माझ्याकडे जे बघितलं त्याचा अर्थ साधारण असा होता की तू बाहेर बसायला पळालास, मी कुठे पळू. बरोबर होतं तिचं.

---

भेटवस्तूंबद्दल फार लिहीत नाही. भरपूर आल्या. टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये ३६ लहानग्यांना एकदा चार खेळणी आणि एकदा सोळा खेळणी देऊन बघितली. चार असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. हे वाचून आम्ही गेल्या वर्षी ठरवलं होतं की निम्मी माळ्यावर ठेवायची आणि हळूहळू काढायची. ठेवलीही. मोठीला त्यातलं नेमकं प्रत्येक खेळणं आठवत होतं, हा भाग त्या अभ्यासात नव्हता.

फोटोबद्दल तर अजूनच कमी. सतरा काढले. एकातही सगळ्यांचे डोळे उघडे नाहीत.

---

आणि मग दुसरा दिवस. मुक्कामाचे पाहुणे सकाळी गेले. घरात अचानक आपलाच आवाज ऐकू यायला लागला. कुणी आंघोळीची घाई केली नाही. धाकटा दुपारी साडेतीन तास झोपला, मध्ये दोनदा आम्ही जाऊन श्वास चालू आहे ना बघून आलो. यादीतली शेवटची ओळ कुठली होती ते मी बघितलं नव्हतं, पण बायको सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती आणि फोन दुसऱ्या खोलीत होता.

संध्याकाळी मुलांचा खेळ सुरू झाला. पाहुणे-पाहुणे. मोठी आई झाली होती, बाहुल्या आणि दोन अस्वलं पाहुणे. दार म्हणजे पडदा.

"या या, किती दिवसांनी!" ती पडद्याशी जाऊन म्हणाली, अगदी गोड, वरच्या पट्टीत. मग मागे वळून धाकट्याला दबक्या आवाजात, दात आवळून, "पटकन आवर, ते आले ना!" पुन्हा पडद्याकडे, गोड. आम्ही दोघं आतल्या खोलीतून ऐकत होतो. बायकोने तोंडावर हात धरला होता. आवाजाच्या त्या दोन पट्ट्या आमच्याच होत्या, इतक्या जुळत होत्या की हसावं का तोंड लपवावं कळेना.

धाकट्याला कळत नव्हतं त्याने काय करायचं. तो अस्वल घेऊन उभा राहिला.

"तू बाबा आहेस," मोठीने समजावलं. "तू इथे बस. आणि मधून मधून विचार, 'काही मदत करू का?'"

"कलू का?" धाकटा म्हणाला.

"हां. आणि बसूनच राहा. उठायचं नाही."

बायकोने माझ्याकडे बघितलं नाही. तिने बघायला हवं होतं असं मला वाटलं, म्हणजे निदान काहीतरी बोलता आलं असतं. मी उठलो आणि धुतलेली भांडी जागेवर लावायला लागलो. मोठा डबा कुठे ठेवतात ते मला माहीत नव्हतं. विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. चार कपाटं उघडून शोधलं.

---

माणसाच्या सगळ्यात जुन्या आठवणी साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयातल्या असतात, असं मानसशास्त्र सांगतं. त्याआधीचं जवळजवळ सगळं पुसलं जातं. म्हणजे धाकट्याला हा सण आठवणार नाही. मामाचं घड्याळ नाही, मोजा नाही, मी ढकललेलं नाही. त्यातल्या काही गोष्टींबाबत मला हे ऐकून बरंच वाटलं. मोठीचं वेगळं आहे. ती आता त्या रेषेच्या पलीकडे आहे, आणि तिच्याबाबतीत जे उरेल ते कसं उरेल यात आमचाही हात आहे. रॉबिन फिवुश आणि इलेन रीझ यांनी आया आणि मुलांच्या गप्पा कित्येक वर्षं अभ्यासल्या. घडून गेलेल्या गोष्टींबद्दल मुलांना मोकळे प्रश्न विचारत, त्यांच्या उत्तरात भर घालत ज्या घरांत बोललं जातं, तिथली मुलं पुढे जास्त आणि नीट आठवून सांगतात.

म्हणून झोपताना मी विचारलं, काय काय आवडलं? उत्तर लगेच आलं, "माझी निळी सायकल." बरं, आणखी? "गाडीत दादा ओकला ते." हे तिने फार आनंदाने सांगितलं, बारकाव्यांसकट, सीटपर्यंत. आणखी? बराच वेळ गप्प राहिली, मला वाटलं झोपली.

"नाकाने नाही लागला दिवा," ती म्हणाली. "पण परत करून बघूया. जोरात हलवायला पाहिजे नाक."

पलीकडून बायको म्हणाली, "कुठला दिवा?" मोठीने तिला सगळं सांगितलं. मी भर घालत गेलो. आम्ही बाहेर होतो तेवढा वेळ ती आत काय करत होती, ते मग तिने सांगितलं. ते मला माहीत नव्हतं. एक काकू जाता जाता काहीतरी बोलल्या होत्या आणि ते तिला लागलं होतं, आणि सांगायला त्या वेळी कुणी नव्हतं. मोठी उठून तिच्या कुशीत शिरली. त्या रात्री दिवा घालवायला उशीर झाला.

हे होऊन आठवडा झाला. माळ अजून लटकते आहे, ती काढणंही माझ्याच यादीत आहे. खुर्च्या परत गेल्या. आज सकाळी धाकटा फाटलेल्या कागदाच्या पट्ट्या घेऊन माझ्यासमोर आला. कुठून काढल्या कोण जाणे, बहुतेक सोफ्याखालून.

"शण पलवा?" त्याने विचारलं.

"परवा होता," मी म्हणालो. खरं तर परवाही नव्हता, आठ दिवस झाले होते. पण त्याला आठ कळत नाही.

"पलवा," तो समाधानाने म्हणाला, माझ्या वाक्यातला त्याला हवा तेवढाच शब्द घेऊन. मग खण उघडून चिकटपट्टी शोधायला लागला.